साळुंखेसाहेब, वेळ काय झाली?

‘सीआयडी’ बघत मोठे झालेल्या आपल्या पिढीला वाटतं, डॉ. साळुंखेंनी बॉडीवर एक नजर टाकली की मृत्यूची वेळ कळते. अगदी मिनिटासकट! खऱ्या आयुष्यात मात्र इतकं सोपं नसतं, बॉस.

फंडा चहाच्या कपाचा. टेबलावर विसरलेला चहा गार होतो, तसंच मृत शरीरही. पण पहिला काही वेळ तापमान फारसं हलतच नाही, मग भराभर उतरतं, शेवटी पुन्हा रेंगाळतं. त्यामुळे ‘तासाला दीड डिग्री फॅरनहाइट’ हा जुना हिशेब फार भरवशाचा नाही. जर्मनीच्या क्लाउस हेन्सगे यांनी 1980च्या दशकात यासाठी एक तक्ताच बनवला. गुदद्वारातून खोलवर घेतलेलं तापमान, खोलीचं तापमान, वजन, अंगावरचे कपडे, वारा, पाणी असं सगळं त्यात धरायचं. एवढं करून उत्तर काय? चांगल्यात चांगलं म्हणजे 2.8 तास अलीकडे किंवा पलीकडे. आणि नागपुरात मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर असेल, तर शरीर गार होणार तरी कसं? आपला घरातला तापाचा थर्मामीटर तर इथे बादच, तो फार खाली उतरत नाही.

पण हे तापमान घ्यायचंच राहिलं तर काय होतं, हे लंडनने बघितलंय. एप्रिल 1972, कॅटफर्ड भाग. आग लागलेल्या घरात मॅक्सवेल कॉन्फेट यांचा मृतदेह सापडला. गळा आवळलेला. लैंगिक अत्याचाराचा पुरावा बिघडू नये म्हणून डॉक्टरांनी गुदद्वाराचं तापमान घेतलंच नाही. अंदाज निघाला संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा. पोलिसांनी तीन पोरं उचलली, वयं 18, 15 आणि 14. थोरला वयाने अठरा, पण समज आठ वर्षांच्या मुलाची. कुणी मोठं माणूस जवळ नसताना चौकशी झाली आणि पोरांनी कबुलीही दिली! अडचण एकच. थोरला त्या संध्याकाळी भलतीकडे होता, तेही चारचौघांत. मग कोर्टात सांगितलं गेलं की आगीच्या उष्णतेने शरीर लवकर ताठरलं असेल, म्हणजे मृत्यू उशिराचाही असू शकतो. घड्याळ सोयीने पुढे सरकलं. थर्मामीटरचा एक आकडा जरी कागदावर असता, तर ही सरकासरकी इतकी सोपी गेली नसती.

तिघे दोषी ठरले. 1975मध्ये अपिलात शिक्षा रद्द झाली, पण तोवर तीन वर्षं गेली होती. ते निर्दोष असल्याचं सरकारने संसदेत मान्य केलं, ते 1980मध्ये.