ट्राउट विकत मिळत नाही

न्यूझीलंडमध्ये ट्राउट विकत मिळत नाही. मासळीच्या दुकानात सॅमन मिळतो, स्नॅपर मिळतो, शिंपले मिळतात. ट्राउट मात्र विकणं आणि विकत घेणं, दोन्ही कायद्याने बंद. त्याची शेतीही करू देत नाहीत. हॉटेलच्या मेन्यूवर तो नसतो. तुम्ही स्वतः धरून नेलात तर काही ठिकाणी आचारी तुम्हाला तो शिजवून देतात, एवढंच. खायचा असेल तर परवाना काढून स्वतः धरायचा, नाहीतर ज्याने धरलाय त्याने आपणहून दिला पाहिजे.

हॅमिल्टनला राहायला आले तेव्हा हे कळलं. वेंगुर्ल्यात वाढलेल्या मला ते पटायला बरेच दिवस लागले. आमच्याकडे मासा म्हटला की बाजार आलाच. दर्यावर पुरुष जात, पण मासळीचा भाव ठरे तो किनाऱ्यावर पाट्या घेऊन बसलेल्या बायकांच्या तोंडून. होडीत बायका बसत नसत. रापणीचं जाळं ओढायला मात्र कोणाचाही हात चाले, पोरांचासुद्धा. आणि रापण वर आली की दोराला लटकलेल्या पोरांच्या पदरातही मूठभर पेडवे पडत. माशाची आणि पोरांची ओळख अशी आपसूक होई. इथे बाजारच नाही म्हटल्यावर पोराला तळ्यावर कोणीतरी न्यावं लागतं. इथल्या जुन्या कुटुंबांत ते काम आजोबा करतात. त्यांची बोट असते, तळ्याकाठी लहानसं घर असतं, नातवंडं पाच-सहा वर्षांची झाली की त्यांना लाइफजॅकेट चढतं. आपल्या मुलांचे आजोबा चिपळूणला किंवा अकोल्याला. मग त्यांना कोण नेणार?

गेली पंधराएक वर्षं मी हेच करत आले आहे. माझी साडेचार मीटरची अॅल्युमिनियमची बोट आहे. तिच्यात एका वेळी एक मूल, त्याची आई किंवा बाप, आणि मी. हॅमिल्टनहून टाउपो तळं दीडशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघालं की ऊन चढायच्या आत बोट पाण्यात. टाउपो म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं पाणी, सहाशे चौरस किलोमीटरहून मोठं, मधोमध दीडशे मीटरहून खोल. वारा फिरला की लाटा समुद्रासारख्या उठतात. म्हणून मी नेहमी सकाळीच नेते आणि दुपारच्या वाऱ्याच्या आत परत आणते, मासा मिळो न मिळो.

ट्राउटही इथला नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. ब्राउन ट्राउटची अंडी 1867 मध्ये टास्मानियातून आली, रेनबोची 1883 मध्ये कॅलिफोर्नियातून. टाउपोत ब्राउन सोडले 1880 च्या दशकात, रेनबो त्यानंतर दहाएक वर्षांनी. त्याआधी या तळ्यात कोआरो नावाचा बोटभर लांबीचा मासा अमाप होता आणि काठावरच्या नाती तूफारेतोआ या माओरी जमातीचं ते रोजचं अन्न होतं. ट्राउटने तो फस्त केला. सुरुवातीची काही वर्षं ट्राउट राक्षसी वाढले, मग खाणं संपलं आणि तेच हाडकले. 1926 मध्ये सरकारने कायदा करून तळ्याचा तळ आपल्या नावावर घेतला आणि मोबदल्यात जमातीला दरवर्षी रक्कम आणि परवान्यांच्या उत्पन्नातला वाटा देऊ केला. तळाची मालकी त्यांना परत मिळाली ती 1992 मध्ये. म्हणूनच टाउपोचा परवाना उरलेल्या देशाच्या परवान्याहून वेगळा आहे आणि मुलांचाही स्वतंत्र काढावा लागतो. माइन बे इथे कड्यावर नातोरोइरांगी या पूर्वजाचा दहा मीटरहून उंच चेहरा कोरलेला आहे. तिथे मी इंजिन बंद करते आणि ही हकीकत सांगते. मुलं चेहरा बघत बसतात; आई-बाप जास्त लक्ष देऊन ऐकतात. परक्या मुलखात येऊन रुजायचं तर तिथल्या माणसांच्या ताटातलं काय जातं, हा विचार आमच्यासारख्या स्थलांतरितांनी करायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीच्या वर्षांत यायचे ते बहुतेक बाप. कोणी डेअरी कंपनीत, कोणी संगणकातले, कोणी विद्यापीठात. मुलगा किंवा मुलगी सात-आठ वर्षांची. त्यातले एक कोल्हापूरचे आणि त्यांची लेक मला चांगली आठवते. 2010 चा ऑक्टोबर. मी मुलीच्या हातात रॉड दिला. आम्ही शिशाचा गाभा असलेली दोरी सोडत होतो. ती दर दहा यार्डांवर रंग बदलते, म्हणजे किती दोरी पाण्यात गेली ते रंगांवरून कळतं. मुलीला हे भलतंच आवडलं. रिळावर अंगठा टेकवून ती एकेक रंग मोठ्याने म्हणायची आणि पाचव्या रंगाला मी थांब म्हटलं की थांबायची. बोट चालण्याच्या वेगाने पुढे, मागे पन्नासएक मीटरवर चमचमणारं आमिष. तासभर काही नाही. मग रॉडचं टोक एकदा वाकलं, दुसऱ्यांदा वाकलं आणि रीळ किंचाळायला लागलं.

त्याच क्षणी बापाचा हात पुढे आला आणि रॉड त्याच्या हातात गेला. त्यात हावरेपणा नव्हता, निव्वळ काळजी होती. लेकीचा मासा सुटू नये, तिने रडू नये, इतक्या लांब येऊन तिने रिकाम्या हाताने जाऊ नये. मासा आला, चांगला दोन किलोच्या घरातला रेनबो. बापाचा चेहरा फुलला. मुलगी मात्र दोरीकडे बघत उभी होती आणि दोरीचे रंग उलटे मोजत होती.

दुसऱ्या फेरीला मी बापाच्या हातात सुकाणू दिलं. ही जागा सोडायची नाही, कड्यापासून एवढं अंतर ठेवायचं, वेग वाढू द्यायचा नाही. सुकाणू धरलेल्या माणसाला मागे वळून रॉड हिसकावता येत नाही. मासा लागला की त्याला बोट हळू करावी लागते, दोरी पंख्यात अडकणार नाही अशी वळवावी लागते, आणि हे सगळं लेकीसाठीच असतं. पुढचा मासा तिने एकटीने ओढला. रेनबो पाण्याबाहेर उडी मारतो तेव्हा दोरी सैल पडते आणि तिथेच नवखी माणसं मासा गमावतात. तिने नाही गमावला. तेव्हापासून माझ्या बोटीवर रॉड मुलाचा, सुकाणू आई-बापाचं. मुलाला शिकवणं सोपं असतं, ते हात पुढे करतं आणि सांगाल ते करतं. खरं लक्ष द्यावं लागतं मोठ्या माणसाकडे. त्याला पोराच्या अपयशाची धास्ती असते, आणि नव्या देशात आलेल्या माणसाला ती दुप्पट असते.

जळगावच्या एक ताई 2013 मध्ये आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. शाकाहारी घर, मुलाने वर्गमित्रांकडून ऐकून हट्ट धरला होता. नवरा यायला तयार नव्हता, म्हणून त्या आल्या. मला वाटलं होतं त्या तोंड फिरवून बसतील. त्यांनी खोली दाखवणाऱ्या यंत्राचा ताबा घेतला आणि अर्ध्या तासात पडद्यावरच्या कमानी बघून सांगायला लागल्या, "मावशी, खाली बावीस मीटरवर तिघं आहेत." मासा जाळीत आला तेव्हा मुलाने आईकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मासा तुझा आहे, तूच ठरव." मुलाने सोडायचं ठरवलं. मग मी त्याला आधी हात तळ्यात बुडवायला लावले. माशाच्या अंगावर बुळबुळीत आवरण असतं, तेच त्याला रोगापासून वाचवतं, आणि कोरड्या हाताने धरलं की ते निघून जातं. ओल्या दोन्ही तळव्यांवर त्याने मासा पाण्यातच तोलून धरला. कल्ले उघडझाप करत होते. गळ निघाला तरी मासा तसाच थांबला होता, आणि मग शेपटीच्या एका फटक्यात आईच्या चष्म्यावर पाणी उडवून गेला. त्या मायलेकांनी नंतरही परवाने काढले. त्यांनी एकही मासा घरी नेला नाही आणि मला त्यात काही उणं वाटलं नाही.

बाकीचे नेतात, आणि नेणाऱ्यांनी मासा स्वतः साफ करायचा हा माझा दुसरा नियम. धक्क्यावरच्या फळीवर मुलाला उभं करून मी माशाचं पोट फाडून जठर पाण्याच्या डब्यात मोकळं करते. आत स्मेल्ट नावाचे बारके चंदेरी मासे निघतात, एखाद-दुसरा कोउरा म्हणजे गोड्या पाण्यातली झिंगी. ज्या माशाने ही झिंगी जास्त खाल्ली त्याचं मांस गडद नारिंगी. स्मेल्टही बाहेरचेच, कोआरो संपल्यावर ट्राउट पोसावेत म्हणून 1930 च्या दशकात आणून सोडलेले. माइन बेला सांगितलेली हकीकत मुलांना तिथे डब्यात दिसते, आणि मग प्रश्न सुरू होतात. सुरी, रक्त, वास याने किळसणारे बहुतेक मोठेच असतात.

एक सकाळ मात्र या सगळ्यांहून वेगळी गेली. आचऱ्याचे एक आजोबा लेकाकडे सहा महिने राहायला आले होते, 2016 च्या उन्हाळ्यात. लेक, नातू आणि ते असे तिघे आले. वारा पडलेला होता, म्हणून त्या दिवशी मी एक माणूस जास्त घेतला. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि ट्राउट तीसेक मीटर खाली जातात; तेव्हा बोट एका जागी ठेवून स्मेल्टसारख्या दिसणाऱ्या बारीक कृत्रिम माशा दोरीला बांधून सरळ खाली सोडायच्या आणि हलक्या हाताने वरखाली करत राहायच्या. आजोबांनी आधी विचारलं, "गांडुळां खंय?" मी सांगितलं, इथे खरं आमिष चालत नाही, सगळं खोटं. त्यांनी मान हलवली, रॉड घेतला आणि दोरी तर्जनीच्या पेरावर टेकवली. खाडीत गऱ्यावर बसणारी माणसं तशीच टेकवतात. पडद्यावर मला मासा दिसायच्या आधी ते म्हणायचे, "इलो." आणि मासा असायचा. लेक बघत राहिला. दहावीनंतर तो मुंबईला मामाकडे शिकायला गेलेला, मग नोकरी, मग परदेश. त्याने बापाला विचारलं, "तुम्हाला हे येतं? मला कधी दाखवलं नाहीत." आजोबा म्हणाले, "तू शाळेत होतंस." आणि त्यांनी लेकाचं बोट धरून दोरीवर ठेवलं, मग नातवाचं. मी सुकाणूपाशी गप्प बसले होते. आई-बाप आणि मूल असं मी वर्षानुवर्षं म्हणत होते. त्या दिवशी चाळिशीतला लेकच मूल होता.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि बोटी पाण्यात घालायलाच बंदी झाली. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. त्यानंतर मात्र येणाऱ्यांत फरक पडला. आता आया जास्त येतात, आणि मराठीच नाही. पंजाबी येतात, फिजीचे येतात, फिलिपिनो येतात. लहान मुलं असतील तर मी त्यांना आधी तुरांगीजवळच्या टोंगारीरो राष्ट्रीय ट्राउट केंद्रात पाठवते. तिथे मुलांसाठी खास तळं आहे, ठरावीक दिवशी स्वयंसेवक मुलाच्या शेजारी उभं राहून कृत्रिम माशी फेकायला शिकवतात. पाच वर्षांच्या पोराला चार तास बोटीत थंडीत बसवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. माझ्या बोटीवर यायचं तर आठ वर्षं पूर्ण, मापाचं लाइफजॅकेट, लोकरीची टोपी आणि परवाना खिशात.

कोल्हापूरची ती रंग मोजणारी मुलगी आता नोकरी करते. इथे खासगी बोट चालवायला लायसन्स लागत नाही, तरी तिने कोस्टगार्डचा डे स्किपरचा अभ्यासक्रम केला. माझ्या गुडघ्यांना रॅम्पवरची चढउतार जमेनाशी झाली तेव्हापासून बोट तीच नेते. फेऱ्यांतला मासा विकता येत नाही, तो वाटावाच लागतो. तिने त्याची पद्धत बसवली आहे. एक येणाऱ्या कुटुंबाला, एक शेजाऱ्यांना, आणि जास्त मिळाले तर मानुका झाडाच्या भुश्यावर धुरावून ज्यांना बोटीत चढणं जमत नाही अशा म्हाताऱ्यांना. मला येतो तो कोकम, हळद, तिखट लावून, रवा थापून तळते. बापाला ती अजून रॉड देत नाही, सुकाणूच देते. ते माझ्याकडे तक्रार करतात, मी काही बोलत नाही. या ऑक्टोबरपासून कोणाला न्यायचं त्याची यादीही तिच्याकडेच आहे. पहिलं नाव एका नांदेडच्या बाईंचं आणि त्यांच्या दहा वर्षांच्या लेकाचं; दोघांनाही पोहता येत नाही, म्हणून सध्या ती त्यांना दर रविवारी तलावावर पोहायला नेते.