सबमिट दाबलं, पण पोहोचलं का? ऑनलाइन लॉ पेपर आणि पुराव्याची गोष्ट

या भागात कलमं जरा जास्त आहेत, त्यामुळे ऐकताना काही निसटलं असेल तर इथे निवांत वाचा. विषय आहे घरी बसून दिलेला लॉचा ऑनलाइन पेपर, आणि त्यातही तो सबमिट करणं. अभ्यास कसा करायचा हे सांगणारे ढीगभर चॅनेल आहेत. पण सबमिट दाबल्यावर नेमकं काय होतं, आणि ते झालं नाही तर ‘मी वेळेत दाबलं होतं’ हे दाखवायचं कसं, यावर लॉची मुलंसुद्धा गप्प असतात. गंमत म्हणजे उत्तर त्यांच्याच सिलॅबसमध्ये आहे.

आधी थोडं मागे जाऊ. साल २०२०. कॉलेजं बंद. महाराष्ट्र सरकारचं म्हणणं, शेवटच्या वर्षाच्या परीक्षा नकोत. यूजीसीचं म्हणणं, ३० सप्टेंबरपर्यंत घ्याच. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, त्यात युवासेनेचीही याचिका होती. २८ ऑगस्ट २०२० ला कोर्टाने सांगितलं की शेवटच्या वर्षाच्या मुलांना परीक्षेशिवाय पास करता येणार नाही. राज्याला फार तर मुदत वाढवून मागता येईल. मग मुंबई विद्यापीठाने ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन परीक्षा घेतली. बहुपर्यायी प्रश्न, एका तासाचा पेपर, आणि प्रश्नसंचांसाठी कॉलेजांचे गट, म्हणजे क्लस्टर. ज्या एलएलबीच्या मुलांनी तोवर पुरवण्यांवर पुरवण्या घेऊन उत्तरं लिहिली होती, त्यांना आता चारातला एक पर्याय टिक करायचा होता.

मीरा-भाईंदरमधून हे कसं दिसत होतं? कनाकियातल्या तिवारी लॉ कॉलेजची मुलं असोत, नाहीतर रोज चर्चगेटला गव्हर्नमेंट लॉ कॉलेज गाठणारी असोत, लोकल तेव्हा अत्यावश्यक सेवेतल्यांसाठीच होती. म्हणजे परीक्षा हॉल घरातच. वन बीएचकेमध्ये ताईचं वर्क फ्रॉम होम, धाकट्याची ऑनलाइन शाळा, आणि सगळ्यांना मिळून बिल्डिंगच्या केबलवाल्याचं एकच वाय-फाय. सुपरवायझर नाही हे खरं. पण पेपर हातात घेऊन, सही करून, ‘मिळाला’ म्हणणारं माणूसही नाही. या दुसऱ्या गोष्टीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

त्या महिन्यात दोन गोष्टी घडल्या. पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षण संस्थेच्या, म्हणजे आयडॉलच्या ऑनलाइन परीक्षेत सर्व्हर कोलमडला. विद्यापीठाने सायबर हल्ला झाल्याचं सांगितलं, पोलिसांत तक्रार दिली आणि पेपर पुढे ढकलले. मग १२ ऑक्टोबरला, सोमवारी, सकाळी दहानंतर मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीजच गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी ज्यांना पेपर देता आला नाही, त्यांची परीक्षा पुन्हा घेऊ असं विद्यापीठाने जाहीर केलं.

आता बघा, १२ ऑक्टोबरला कोणालाही काही सिद्ध करावं लागलं नाही. अख्ख्या शहराची लाइट गेली होती, बातम्यांत होतं. सर्व्हर सगळ्यांचा पडला तरी तेच. अडचण तेव्हा येते, जेव्हा फक्त तुमच्या मजल्याचं नेट जातं. पेपर संपायला चार मिनिटं उरलीत, चकरी फिरतेय, आणि ग्रुपवर बाकी सगळे ‘झालं रे’ म्हणून मेसेज टाकतायत. तुमची अडचण तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. इथे पुरावा लागतो, आणि तो तुम्हीच जमवायचा असतो, तोही त्या चार मिनिटांत.

मग सबमिट दाबल्यावर होतं काय? तुमच्या ब्राउझरमधून उत्तरं सर्व्हरकडे निघतात. सर्व्हर ती नोंदवून ठेवतो आणि उलटा निरोप पाठवतो: मिळालं. तेव्हा कुठे तुमच्या स्क्रीनवर हिरवी खूण किंवा नंबर येतो. यात दोरी दोन ठिकाणी तुटू शकते. उत्तरं जातानाच नेट गेलं, तर सर्व्हरकडे काहीच नाही. पण उत्तरं पोहोचली आणि उलटा निरोप येताना नेट गेलं, तर पेपर सर्व्हरवर आहे आणि तुम्ही मात्र रडताय. स्क्रीनवर दोन्ही वेळा तीच चकरी दिसते. खरं काय घडलं ते फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं, आणि तो लॉग तुमच्या ताब्यात नसतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान अधिनियम २०००, कलम १३. इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड ‘पाठवलं’ असं कधी मानायचं? ते पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणक यंत्रणेत शिरतं तेव्हा. आणि ‘मिळालं’ कधी मानायचं? घेणाऱ्याने ठरवून दिलेल्या यंत्रणेत ते शिरतं तेव्हा. ठरवलेली जागा सोडून दुसरीकडेच पाठवलं, तर घेणारा ते उघडून काढून घेईल तेव्हा. म्हणजे पोर्टलवर अपलोड करा असं सांगितलेलं असताना तुम्ही पीडीएफ मॅडमच्या व्हॉट्सॲपवर टाकली आणि मॅडमनी ती रात्री बघितली, तर या नियमाने ती रात्रीच ‘मिळाली’. दोन निळ्या टिकांवर भरवसा ठेवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. अर्थात दोन्ही बाजूंनी वेगळं ठरलं असेल तर ते चालतं, हेही त्याच कलमात आहे. म्हणून परीक्षेचं परिपत्रक आधी शब्दन् शब्द वाचा. नेट गेलं तर कुठे कळवायचं, किती वेळात कळवायचं, ईमेलने पेपर घेणार की नाही, हे त्यात असेल तर तोच तुमचा नियम.

दिल्लीत याच मुद्द्यावर कोर्टाने लक्ष घातलं होतं. दिल्ली विद्यापीठाची ओपन बुक परीक्षा होती, म्हणजे घरी कागदावर उत्तरं लिहा, स्कॅन करा, अपलोड करा. ऑगस्ट २०२० मध्ये दिल्ली हायकोर्टाने परीक्षेला परवानगी दिली, पण अपलोड करण्यासाठी मुलांना जादा एक तास द्यायला लावला, आणि उत्तरपत्रिका मिळाल्याचा ईमेल आपोआप गेला पाहिजे असंही सांगितलं. एका साध्या पोचपावतीसाठी हायकोर्ट लागलं!

आता आपल्या मराठवाड्यातली केस. परीक्षेची नाही, निवडणुकीची आहे, पण मुद्दा अगदी तोच: वेळेत सबमिट झालं की नाही? २०१४ ची विधानसभा निवडणूक, जालना मतदारसंघ. अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले, कैलाश गोरंट्याल हरले. गोरंट्यालांचं म्हणणं, खोतकरांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या मुदतीत दाखलच झाले नव्हते. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. पण असं रेकॉर्डिंग कोर्टात चालायला त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब. रेकॉर्डिंग सरकारी यंत्रणेकडे, प्रमाणपत्र त्यांनीच द्यायचं, आणि ते वारंवार लेखी मागूनही देईनात. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली, आणि १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम ठेवला.

लॉची मुलं ही केस ‘६५ब प्रमाणपत्र सक्तीचं’ एवढ्या एका ओळीत पाठ करतात. ते बरोबरच आहे. पण त्याच निकालात आपल्या कामाची दुसरी गोष्ट आहे. प्रमाणपत्र ज्याच्या हातात आहे तो देत नसेल, आणि तुम्ही ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं असेल, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही, असं कोर्टाने म्हटलं. गोरंट्यालांची लेखी मागणी कामाला आली ती इथे. आता तो लॉग आठवा. तो विद्यापीठाकडे किंवा त्यांच्या कंपनीकडे आहे, तुमच्याकडे नाही. तुमच्या हातात एकच आहे: तो लगेच आणि लेखी मागणं.

तर प्रत्यक्षात करायचं काय? मोबाईलची वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा. मुदत सर्व्हरच्या घड्याळाने संपते, तुमच्या भिंतीवरच्या नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक फोन चार्ज करून हॉटस्पॉटसाठी बाजूला ठेवा, आणि जुळणी आदल्या दिवशी करून बघा. पेपर चालू असताना पासवर्ड शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. मॉक टेस्ट चुकवू नका. तिथे कळतं की तुमचं पोर्टल प्रत्येक उत्तर आपोआप सेव्ह करतं की सगळं शेवटच्या बटणावर आहे. गूगल फॉर्मवर पेपर असेल तर जास्त सावध. वेळ संपली की फॉर्म बंद होतो, तुमचं अर्धं भरलेलं तो स्वतःहून पाठवत नाही.

कागदावर लिहून स्कॅन करायचं असेल तर प्रत्येक पानावर सीट नंबर आणि ‘पान ३ / १२’ असं लिहा. स्कॅन खिडकीजवळ, उजेडात. पीडीएफ झाली की एकदा उघडून पानं मोजा. दोन पानं चिकटून एक सुटणं फार सोपं आहे. फाइलचं नाव सांगितलं असेल तेच. मराठीत टाईप केलं असेल तर युनिकोडमध्ये करा आणि पीडीएफच पाठवा, नाहीतर तपासणाऱ्याला चौकोन दिसतील. शेवटच्या प्रश्नातली अर्धी पानभर वाक्यं सोडावी लागली तरी चालतील, पण अपलोडला पंधरा मिनिटं राखून ठेवा. हे माझं मत, टॉपर लोकांना पटत नाही.

आणि चकरी फिरायला लागलीच, तर टॅब बंद करू नका. दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढा, त्यात वेळ दिसली पाहिजे. स्क्रीनशॉटही घ्या, पण तो कोणीही बनवू शकतो हे समोरच्यालाही माहीत असतं, त्यामुळे स्क्रीन रेकॉर्डिंग किंवा बाहेरून काढलेला व्हिडिओ जास्त वजनदार. हॉटस्पॉटवर येऊन पुन्हा लॉगिन करा, कदाचित पेपर पोहोचलेला असेल. नसेल आणि मुदत संपली असेल, तर त्याच मिनिटाला परिपत्रकातल्या पत्त्यावर ईमेल करा आणि पीडीएफ जोडा. पत्ता नसेल तर प्राचार्य आणि परीक्षा विभाग, दोघांनाही. मजकूर साधा ठेवा: नाव, सीट नंबर, पेपर, किती वाजता सबमिट दाबलं, काय दिसलं. आणि शेवटी हे वाक्य न विसरता: ‘माझ्या लॉगिनचा आजचा सर्व्हर लॉग जपून ठेवावा आणि त्याची प्रत मला द्यावी.’ ग्रुपवर व्हॉइस नोट टाकून रडणं नंतर. आधी ईमेल.

मूळ कागद आणि मूळ फाइल तशीच ठेवा. पीडीएफ पुन्हा सेव्ह केली की तिची ‘शेवटचा बदल’ वेळ बदलते, मग तुमचाच पुरावा तुमच्याविरुद्ध बोलतो. व्हॉट्सॲपवर फोटो फिरवले तर ते दाबून लहान होतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय. त्यात ६५ब ची जागा कलम ६३ ने घेतली, आणि प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत: एक रेकॉर्ड सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो.

कागदाचा पेपर यापेक्षा सुरक्षित, असं म्हणणाऱ्यांना २०१७ आठवत असेल. मुंबई विद्यापीठाने कागदी उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायला घेतल्या. निकाल महिनोन् महिने रखडले, कायदा आणि वाणिज्य शाखेचे तर फारच. शेवटी त्या ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुखांना पद गमवावं लागलं. तुमचा हातचा कागद कुठेतरी फाइल झाला की प्रश्न पुन्हा तोच.

निकालात ‘ॲबसेंट’ आलं किंवा शून्य आलं, तर फेरतपासणीच्या अर्जासोबत माहिती अधिकाराचा अर्जही विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे टाका. उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस असतात. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा आणि तिची प्रत मागण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या केसमध्ये सांगितलंय. माहितीच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक नोंदीही येतात, म्हणजे लॉगसुद्धा मागता येतो. फक्त एक अट त्याच निकालात आहे: हा हक्क उत्तरपत्रिका जपून ठेवण्याची मुदत संपेपर्यंतच. ती मुदत किती, हे अर्ज लिहिण्याआधी विद्यापीठाच्या नियमात बघून घ्या, आणि निकालाची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.