कार्यक्रमाचे संनियंत्रण व मूल्यमापन : पथकाची बांधणी

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर विद्यार्थ्यांना
(अ) संनियंत्रण आणि मूल्यमापन यांतील फरक सांगता येईल;
(आ) पथकात कोणकोणती कामे असतात ते सांगता येईल;
(इ) कोणती कामे एकाच व्यक्तीकडे देऊ नयेत, हे कारणांसह मांडता येईल.

1. दोन कामे, दोन प्रश्न

कार्यक्रम चालू असताना ‘काम ठरल्याप्रमाणे होत आहे का?’ हे नियमितपणे पाहत राहणे म्हणजे संनियंत्रण. ठरावीक टप्प्यावर थांबून ‘या कामामुळे लोकांच्या जीवनात बदल झाला का, झाला नसेल तर का?’ हे तपासणे म्हणजे मूल्यमापन. पहिले काम कार्यक्रम राबवणाऱ्या यंत्रणेला स्वतः करता येते, किंबहुना तिनेच करायला हवे. दुसऱ्यासाठी थोडे अंतर लागते. आपली उत्तरपत्रिका आपणच तपासली, तर गुणांवर कोण विश्वास ठेवील?

2. लखनौमधील एक उदाहरण

1948 मध्ये आजच्या उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात, महेवा गावाच्या परिसरात, ग्रामविकासाचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. त्याची कल्पना अल्बर्ट मेयर या अमेरिकन नगररचनाकाराची होती. गावपातळीवरच्या कार्यकर्त्याला वरिष्ठांसमोर अडचण मोकळेपणाने मांडता आली पाहिजे, यावर मेयर यांचा भर होता. पुढे 1954 मध्ये लखनौ येथे ‘प्लॅनिंग रिसर्च अँड ॲक्शन इन्स्टिट्यूट’ (पी.आर.ए.आय.) ही संस्था स्थापन झाली. नवी पद्धत आधी काही गावांत करून पाहायची आणि मगच तिचा विस्तार करायचा, हे तिचे काम. या संस्थेने विकसित केलेले ‘पी.आर.ए.आय. पद्धतीचे शौचालय’ सार्वजनिक आरोग्याच्या पाठ्यपुस्तकांत आढळते.

अशा शौचालयाच्या भांड्याखालील वाकड्या नळीत थोडे पाणी साठून राहते. यालाच ‘वॉटर सील’ म्हणतात. या पाण्यामुळे दुर्गंधी वर येत नाही आणि माश्या खाली जात नाहीत. आता समजा, एका गटातील 200 घरांत अशी शौचालये बांधायची आहेत. त्याची साखळी अशी मांडता येईल :

- निविष्टा : निधी, सिमेंट, भांडी, प्रशिक्षित गवंडी
- प्रत्यक्ष काम : बांधून पूर्ण झालेली शौचालये
- निष्पत्ती : घरातील सर्वांकडून रोजचा वापर
- अंतिम परिणाम : अतिसारासारख्या आजारांत घट

पहिल्या दोन पायऱ्या नोंदवहीतून कळतात. तिसरीसाठी घरात जावे लागते. चौथीसाठी तुलना लागते, कारण आजार घटले तरी ते शौचालयामुळे की त्याच वर्षी आलेल्या नळाच्या पाण्यामुळे, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. पथकात कोण हवे, हे या साखळीवरून ठरवावे. आधी पदे भरून मग त्यांना काम शोधू नये.

3. पथकातील कामे

*पथकप्रमुख.* मूल्यमापनाचे प्रश्न निश्चित करणे, आराखडा व वेळापत्रक आखणे आणि अहवालाची जबाबदारी घेणे.

*विषयतज्ज्ञ.* वरील उदाहरणात स्थापत्य अभियंता आणि आरोग्य कर्मचारी. ‘शौचालय आहे : होय’ एवढी नोंद कोणीही करील. पण भांडे चुकीच्या उतारावर बसवल्याने सील टिकत नाही, म्हणून घरात वास येतो आणि म्हणून वापर बंद झाला, हे जाणकारालाच दिसते.

*संख्याशास्त्राचा जाणकार.* नमुना निवडणे. रस्त्यालगतची, सहज पोचता येणारी घरे घेतली तर चित्र फसवे येते. वस्तीच्या टोकाची घरेही निवडली जाण्याची संधी समान असावी.

*क्षेत्रीय अन्वेषक.* या कामात स्त्रिया असणे अत्यावश्यक आहे. शौचालयाच्या वापराबद्दल घरातील बाई परक्या पुरुषाशी बोलेलच असे नाही. भाषेचेही तसेच. लखनौच्या आसपासच्या खेड्यांत अवधी समजणारा अन्वेषक हवा, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया.

*माहिती व्यवस्थापक.* नोंदी तपासणे, विसंगती शोधणे, माहिती सुरक्षित आणि गोपनीय ठेवणे.

पथक लहान असेल तर एका व्यक्तीकडे दोन कामे देता येतात. मात्र पुढील जोड्या कधीही एकत्र करू नयेत :

1. बांधकाम करणारा आणि त्याचे मूल्यमापन करणारा;
2. माहिती गोळा करणारा आणि तिची पडताळणी करणारा.

दुसऱ्या जोडीसाठी सोपा उपाय म्हणजे पुनर्भेट. पर्यवेक्षकाने काही घरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि मोजके प्रश्न पुन्हा विचारावेत. हे अन्वेषकांना प्रशिक्षणातच सांगून ठेवावे, म्हणजे पुनर्भेट अविश्वासाची न वाटता कामाचा भाग वाटते.

4. पथक कोणाला उत्तरदायी असावे?

2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. त्याच महिन्यात त्याच्या मूल्यमापनासाठी ‘कार्यक्रम मूल्यमापन संघटना’ स्थापन झाली. सुरुवातीच्या काळात मराठी अर्थशास्त्रज्ञ प्रा. द. गो. कर्वे तिचे संचालक होते. कार्यक्रम राबवणारे प्रशासन वेगळे होते. ही संघटना मात्र नियोजन आयोगाच्या अखत्यारीत ठेवली होती. तिचे प्रकल्प मूल्यमापन अधिकारी प्रत्यक्ष क्षेत्रात राहत, पण अहवाल आपल्या संघटनेला देत.

या रचनेमुळे न आवडणारे निष्कर्षही लिहिता आले. लोकांचा सहभाग अपुरा असल्याचे संघटनेच्या अहवालांत नोंदले गेले. 1957 मध्ये बलवंतराय मेहता समितीनेही हाच मुद्दा मांडून लोकनिर्वाचित पंचायत संस्थांची शिफारस केली. 2015 मध्ये ही संघटना नीती आयोगाच्या ‘विकास संनियंत्रण व मूल्यमापन कार्यालया’त विलीन झाली.

यावरून पथकबांधणीची मुख्य कसोटी मिळते : 200 पैकी निम्मी शौचालये लाकूडफाटा ठेवायला वापरली जात असतील, तर ही बातमी अन्वेषकाकडून निर्णय घेणाऱ्यापर्यंत न बदलता पोचेल का? वाटेत कोणाची बढती किंवा बिल त्या आकड्यावर अवलंबून असेल, तर कितीही कुशल पथक नेमले तरी उपयोग नाही. नुकसान मात्र ज्या घरात शौचालय असूनही पहाटे बाहेर जावे लागते, त्या घरातील बायकांचे होते.

5. बांधणीचा क्रम

1. प्रश्न लिहा आणि प्रत्येक प्रश्नासमोर माहिती कोठून मिळेल ते लिहा.
2. त्यावरून लागणारी कौशल्ये ठरवा आणि व्यक्ती निवडा.
3. पथकाचा अहवाल कोणाकडे जाईल, हे आधीच लेखी ठरवा.
4. प्रशिक्षण द्या आणि नमुन्याबाहेरच्या एखाद्या गावात प्रश्नावलीचा सराव करा.
5. काम सुरू होण्यापूर्वीची स्थिती नोंदवा. ही नोंद नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार?
6. निष्कर्ष गावासमोर वाचून दाखवा. चुकीची नोंद गावकरी लगेच दाखवून देतात.

स्वाध्याय

1. संनियंत्रण व मूल्यमापन यांतील फरक आपल्या महाविद्यालयातील एका उपक्रमाच्या आधारे स्पष्ट करा.
2. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात लावलेली झाडे जगली का, हे तपासण्यासाठी पाच जणांचे पथक तयार करा. झाडे लावणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यात कोणते काम द्याल, कोणते देणार नाही? कारणे लिहा.
3. वरील पथकाचा अहवाल कोणाकडे जावा? दोन पर्याय मांडून त्यांची तुलना करा.