रूप सांगणारे आणि रूप पाहणारे

ज्ञाताधर्मकथा या आगमसूत्राच्या आठव्या अध्ययनात मल्लीकुमारीची कथा येते. मिथिलेच्या कुंभराजाची ही कन्या. श्वेतांबर परंपरा तिलाच एकोणिसाव्या तीर्थंकराच्या रूपात वंदन करते. दिगंबर परंपरेत मल्लीनाथ पुरुषरूपात पूजिले जातात. तिच्या रूपाची कीर्ती ऐकून सहा राजांनी तिला मागणी घातली, हे आपण व्याख्यानांतून ऐकलेले असते. पण एक गोष्ट सहसा ध्यानातून निसटते. मागणी घालताना त्या राजांपैकी एकानेही तिला पाहिलेले नव्हते. एका राजाला तिचे वर्णन समुद्रव्यापार करणाऱ्या अर्हन्नक श्रावकाने ऐकवले, दुसऱ्याला सोनारांनी, तर आणखी एकाला हद्दपार झालेल्या चित्रकाराने. या चित्रकाराने तर केवळ तिचा अंगठा पाहून सारे चित्र रंगवले होते. रूपाची वार्ता पोहोचवणारी माध्यमे तेव्हाही होती, आणि मोह जागवण्यास तेवढी पुरेशी होती.

आपल्या महाराष्ट्रात या माध्यमांचा आधुनिक इतिहास सव्वाशे वर्षांहून थोडा अधिक आहे. 1894 साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरींनी गोऱ्या, भरल्या अंगाच्या, रेखीव नाकाच्या स्त्रीचा एकच चेहरा असंख्य घरांच्या भिंतींवर नेला. त्यानंतर रंगभूमीने नमुना दिला, आणि तो दिला एका पुरुषाने. 1905 साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आलेल्या बालगंधर्वांची शालू नेसण्याची ढब आणि केसांतील गजरा घरंदाज स्त्रिया अनुकरणात आणू लागल्या. स्त्रीने कसे दिसावे हे स्त्रियांनीच ठरवलेले नसते, याचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

चित्रपट आला आणि रूपाची मालाशी सांगड पडली. 1941 साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. तसे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. 1975 साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. 1994 साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी एकाच वर्षी दोन जागतिक किताब मिळवले, तेव्हा खुल्या झालेल्या अर्थव्यवस्थेत प्रसाधनांची बाजारपेठ विस्तारत होती. याच काळात भरल्या अंगाचा आदर्श मागे पडून सडपातळ बांध्याचा आला. आजीच्या काळात ज्या अंगाला ‘खाऊनपिऊन सुखी’ म्हणत, तेच नातीच्या काळात दोष ठरले. बांधा बदलला, केशरचना बदलली, पेहराव बदलला. गोरेपणाचा हट्ट मात्र प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीकडे जसाच्या तसा सोपवला.

माध्यमे दृष्टी संकुचित करतात तशी ती रुंदही करू शकतात, हे मान्य केले पाहिजे. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणाऱ्या सावळ्या स्मिता पाटील यांनी पुढे ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. मुंबईत जन्मलेल्या, गोव्याच्या वंशाच्या रीटा फारिया 1966 साली विश्वसुंदरी ठरल्या, पण त्यानंतर त्यांनी रूपाचा व्यवसाय न करता डॉक्टरकी पत्करली. 2014 साली जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने, सावळी व्यक्ती दुःखी वा कमी प्रतीची दाखवू नये, असा दंडक घातला. 2020 साली त्या प्रसिद्ध मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्दही गेला.

शब्द गेला, पण मागणी गेली नाही. शिवाय आता माध्यम हातातच आले आहे. पूर्वीची मुलगी स्वतःची तुलना नटीशी करी. आजची मुलगी फोनने गोऱ्या केलेल्या, गुळगुळीत केलेल्या स्वतःच्याच छायाचित्राशी करते. नटीपासून दूर राहता येते, स्वतःच्या छायाचित्रापासून कसे राहणार?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या वाटेवर राई, मुर्धा, मोर्वा ही गावे लागतात. मिठागरांचा आणि शेतीचा हा आगरी मुलूख. उन्हात राबणाऱ्या बायाबापड्यांच्या या गावांजवळच आज आपली दुकाने आहेत, आणि त्या दुकानांत गोरेपणाच्या मलमाच्या पुड्या टांगलेल्या असतात. म्हणून हा विषय केवळ आपल्या लेकीसुनांचा नाही, आपल्या गल्ल्याचाही आहे. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना असे मलम वापरल्यानंतर मूत्रपिंडाचा विकार जडला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासात त्या मलमात पारा आढळला, ही बातमी 2023 साली सर्वांनी वाचली. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, त्यामुळे रंग उजळल्यासारखा वाटतो. पण तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात उतरतो. श्रावकाच्या सातव्या व्रतात वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे. परवाना क्रमांक नसलेली, घटकांची यादी नसलेली, बिलाविना आलेली डबी विकणे हे त्याहून वेगळे कसे म्हणावे? अशी डबी दुकानात ठेवूच नये. थोडा नफा बुडेल, व्रत राहील.

घरातही एक गल्लत वाढते आहे. उपवास, आयंबिल हे निर्जरेसाठी आहेत. वजन घटवण्यासाठी जेवण टाळणाऱ्या मुलीला तपाचे नाव पुढे करणे सोपे जाते, आणि आपण कौतुकाने अनुमोदना करून मोकळे होतो. तिची पाळी चुकते आहे का, चक्कर येते आहे का, ती सतत आरशासमोर वा वजनकाट्यावर असते का, हे आईने पाहावे. शंका आली तर पारणे करवून डॉक्टरांना दाखवावे. त्यात धर्माची हानी नाही.

मल्लीकुमारीने त्या राजांना काय उत्तर दिले? तिने आपल्यासारखीच पोकळ सुवर्णप्रतिमा घडवली आणि आपल्या जेवणातील एक घास रोज तिच्या मस्तकातील छिद्रातून आत टाकला. राजे आले, प्रतिमेवर भाळले. तिने झाकण काढताच दुर्गंध सुटला आणि त्यांनी नाके झाकली. अशुची भावनेचा हा पाठ आपण बहुधा स्त्रीदेहाच्या निंदेसाठी सांगतो. वास्तविक तो सांगणारी स्त्री आहे आणि ऐकणारे पुरुष आहेत. परीक्षा तिच्या रूपाची झाली नाही, त्यांच्या दृष्टीची झाली, आणि ते सहाही राजे त्या क्षणी जागे झाले.

ती परीक्षा आज आपल्या विवाह-परिचयपत्रकांची आहे. त्यांत उंची, शिक्षण, व्यवसाय, गोत्र यांच्याबरोबर ‘वर्ण’ हा रकाना अजूनही छापला जातो, आणि ‘गोरी, सडपातळ’ अशी अपेक्षाही निःसंकोच लिहिली जाते. 2020 साली एका मोठ्या विवाह-संकेतस्थळाने वर्णानुसार निवड करण्याची सोय काढून टाकली. जे एका कंपनीला जमले ते संघाला का जमू नये? पुढील परिचय संमेलनाचे अर्ज छापण्यापूर्वी तेवढा एक रकाना गाळावा, अशी सर्व मंडळांच्या कार्यकर्त्यांना नम्र विनंती आहे.