वाटेखालची यादवी

रायपूरला लागून असलेल्या बीरगांवात उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांचा धूर अहोरात्र चढत असतो. पाळी सुटली की कामगारांचे थवे बाजाराकडे वळतात, आणि आपण ज्या जमिनीवर पाऊल टाकीत आहोत तिच्याविषयी संशय बाळगण्याचे कारण त्यांपैकी कुणालाही पडत नाही. याच राज्यात, रायपूरहून सुमारे तीनशे किलोमीटरवरील जगदलपूर ओलांडून सुकमा, दंतेवाडा आणि बिजापूर या बस्तरच्या मुलखात शिरले, की हा साधा भरवसा माणसाला उरत नाही.

अंतर्गत युद्धास आपल्या भाषेने ‘यादवी’ हा शब्द दिला, तो प्रभासक्षेत्री यादवांनी आपल्याच कुळाचा जो संहार केला त्याची आठवण ठेवून. बस्तरातील कलहाला सरकारी दप्तरात युद्ध म्हणून कधी नोंदले गेले नाही. परंतु जून २००५ मध्ये माओवाद्यांविरुद्ध सलवा जुडूमची चळवळ सुरू होऊन गावेच्या गावे छावण्यांत हलविली गेली, घरे जाळल्याच्या फिर्यादी झाल्या, आणि एकाच पाड्यातील एक तरुण माओवाद्यांच्या ‘संघम’ या गावसंघटनेत तर दुसरा सरकारचा ‘विशेष पोलीस अधिकारी’ म्हणून बंदूक घेऊन उभा राहिला, तेव्हा त्या स्थितीस यादवीहून यथार्थ नाव मला सुचत नाही. तशा नेमणुका सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या. तोवर पुष्कळ रक्त सांडून गेले होते.

२८ फेब्रुवारी २००६ रोजी कोंटा भागातील दरभागुडा येथे, सलवा जुडूमच्या सभेहून परतणाऱ्या गावकऱ्यांनी भरलेला ट्रक माओवाद्यांनी सुरुंगाने उडविला. पुढे ताडमेटल्यात माओवाद्यांच्या हल्ल्यात ७६ जवान मारले गेल्याला दीड महिनाही झाला नव्हता, तोच १७ मे २०१० रोजी दंतेवाडा-सुकमा रस्त्यावर चिंगावरम येथे प्रवासी बस उडविली गेली व तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बसमध्ये विशेष पोलीस अधिकारी होते, हे खरे. पण त्यांच्या शेजारी बाजारहाट आटोपून घरी निघालेली माणसेही बसली होती. यादवीतसुद्धा, जे हाती शस्त्र धरीत नाहीत त्यांच्या जिवाला हात लावू नये, हा दंडक १९४९ च्या जिनिव्हा करारांतील तिसऱ्या कलमाने घालून दिला आहे. चिंगावरमचा स्फोट दिवसाउजेडी झाला; रस्त्यावरून येणारी बस ही उतारूंची बस आहे, हे दिसण्यात कोणतीही अडचण नव्हती. म्हणूनच या कृत्याला नजरचूक म्हणणे मला मान्य नाही.

तारेने जोडलेल्या सुरुंगाच्या दुसऱ्या टोकाला निदान एक माणूस बसलेला असतो, आणि तो अखेरच्या क्षणी हात आवरू शकतो. दाबाने फुटणाऱ्या बाँबपाशी तेवढीही सोय नाही. पोलिसांसाठी म्हणून पायवाटेत पुरलेला तो डबा केवळ वजन ओळखतो, मग ते शिपायाचे असो, गुरांमागे निघालेल्या पोराचे असो, की गुरांचे असो. मार्चमध्ये मोह फुलतो तेव्हा बस्तरातील बाई झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा स्वच्छ करते, म्हणजे रात्री गळलेली पिवळसर, रसाळ फुले त्या काळ्या भुईवर उठून दिसतात. मग उकिडवी बसून, एकेक पाऊल सरकत, ती टोपली भरते. स्वतःच्या झाडाखालची भुई तिला तळहातासारखी ठाऊक असते. धोका असतो तो झाडापर्यंतच्या वाटेत. मोहानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, आणि त्या पानांसाठी जंगलात गेलेले गावकरीही या बाँबने जायबंदी झाले आहेत.

केंद्र सरकारने नक्षलवादाच्या समाप्तीसाठी ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली. जमिनीत पुरलेल्या डब्याला मात्र कुणी मुदत कळवू शकत नाही. तो हुडकून, एकेक करून निकामी करावा लागतो, आणि हे काम बंदुका थांबल्यानंतरही चालू राहणारे आहे. शिवाय ती तारीख मोहाच्या ऐन हंगामातली. त्या दिवसांत बायका फटफटण्यापूर्वीच टोपल्या घेऊन निघतात, आणि झोपेतून उठलेली मुले त्यांच्या मागोमाग चालू लागतात.