भ्रूणावरचा शोधनिबंध कसा वाचावा?

अकोल्यात बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतले की कोंबडीच्या भ्रूणाच्या स्लाइड आपल्यासमोर येतात: 24 तासांची, 33 तासांची, 48 तासांची. एका पेशीपासून अख्खा प्राणी कसा घडतो, हे शोधणारे शास्त्र म्हणजे विकासजीवशास्त्र. ते पाठ करून फारसे हाती लागत नाही, मूळ शोधनिबंध वाचूनच उमगते.

निबंध हातात आला की आधी ‘पद्धती’ या भागात भ्रूणाचे वय पाहावे. बहुतेक जण हा भाग वगळतात आणि तिथेच फसतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांजवळ जातो, तेव्हा फलित अंड्यातली वाढ उबवणी यंत्रात ठेवण्याआधीच सुरू झालेली असू शकते. मग ‘33 तास’ लिहिलेले दोन भ्रूण सारखे असतीलच असे नाही. म्हणूनच हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी 1951 मध्ये भ्रूणाच्या दिसण्यावरून 46 टप्पे ठरवले. दहाव्या टप्प्यात सोमाइटच्या, म्हणजे पाठीच्या मध्यरेषेलगत रांगेने तयार होणाऱ्या पेशींच्या ठोकळ्यांच्या, 10 जोड्या दिसतात. निबंधात टप्पा न देता नुसते तास दिले असतील, तर तिथे पेन्सिलने खूण करावी.

आता सारांश झाकून ठेवावा आणि आकृत्या पाहाव्यात. सारांश आधी वाचला की त्यात सांगितलेलेच आकृतीत दिसू लागते. प्रत्येक आकृतीखाली फक्त जे दिसते ते एका ओळीत लिहावे.

सरावासाठी स्पेमान आणि हिल्डे मॅन्गोल्ड यांचा 1924 चा निबंध घ्यावा. न्यूट या शेपटीच्या उभयचराच्या भ्रूणातला एक छोटा तुकडा त्यांनी दुसऱ्या भ्रूणात बसवला आणि तिथे दुसरे शरीर आकार घेऊ लागले. दाता फिकट जातीचा, यजमान गडद जातीचा. हे का, यावर थांबून विचार करावा. रंग एकच असता, तर दुसरा चेतारज्जू कोणाच्या पेशींनी बनवला हे सांगताच आले नसते. तो मुख्यतः यजमानाच्या पेशींचा होता, म्हणजे तुकड्याने शेजाऱ्यांना कामाला लावले होते. सगळा निष्कर्ष त्या रंगफरकावर उभा आहे.

पुढे तुलना कशाशी केली ते शोधावे. अंड्यात औषध टोचले असेल, तर औषधाविना नुसते द्रावण टोचलेली अंडीही हवीत. कवचाला भोक पाडल्यानेही भ्रूण बिघडू शकतो.

मग क्रियापदे तपासावीत. एखादे जनुक डोळ्याच्या जागी सक्रिय दिसले, एवढ्यावरून ते डोळा घडवते असे ठरत नाही. ते काढल्यावर डोळा बनला नाही, तर ते आवश्यक. भलत्या जागी सक्रिय केल्यावर तिथे डोळा उगवला, तर तिथे तेवढे पुरेसे. हे दोन वेगळे पुरावे आहेत, आणि लेखक पुष्कळदा एकाच्या बळावर दुसरा सांगून जातात.

शेवटी त्या निबंधाच्या मागचे-पुढचे वाचावे. एथेल ब्राउन यांनी 1909 मध्येच हायड्रा या छोट्या जलचराच्या तोंडाजवळचा तुकडा दुसऱ्या हायड्रात बसवून शरीराचा नवा अक्ष उगवलेला दाखवला होता. 1930 च्या दशकात तर मेलेल्या ऊतींनी आणि मिथिलीन ब्लूसारख्या रंगानेही उभयचरांत चेताऊती तयार झाली, आणि 1924 च्या निष्कर्षाचा अर्थ नव्याने लावावा लागला.

हायड्रावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी दीर्घकाळ काम केले आहे, त्यांचे निबंध नंतर वाचायला घ्यावेत. आधी 1924 चाच वाचावा. मूळ जर्मन निबंधाचा इंग्रजी अनुवाद, भ्रूणाचे टप्पे ठरवणाऱ्या हॅम्बर्गर यांनीच केलेला आहे. एखादा मित्र सोबत घ्यावा आणि एका बैठकीत एकच आकृती पुरी करावी.