चॉकलेटी दुधाचा ताळेबंद

अमडापूरला आमच्या वस्तीत रविवारी सकाळी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. गणित, इंग्रजी आणि थोडे अवांतर वाचन, असा नेहमीचा क्रम. मागच्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी मात्र पुस्तके बाजूला ठेवली आणि सतरंजीवर स्टीलचे ग्लास मांडले. ग्लासांत चॉकलेटचे दूध होते. मुले अकरा, आणि त्या दिवशी एकही उशिरा आला नाही, हे वेगळे सांगायला नको!

हा खटाटोप करण्याचे कारण माझ्याच घरातले आहे. मुलगी अंगाने बारीक. शेजारच्या मुलीच्या घरी दुधात घालायच्या पावडरचा डबा आला, म्हणून आमच्याही घरी आला. किंमत साडेचारशेच्या आसपास. कारकुनाच्या पगारात हा खर्च बसवायचा, तर कुठेतरी कात्री लावणे आले. म्हणून दुधाचा रतीब एक लिटरवरून पाऊण लिटरवर आणला. काही महिने असेच चालले. एका रात्री सहज कागदावर आकडे मांडले. रोज पाव लिटर, म्हणजे महिन्याचे साडेसात लिटर. साठ रुपये लिटरने साडेचारशे रुपये. म्हणजे डबा आणण्यासाठी मी लेकीच्या तोंडचे साडेसात लिटर दूध काढून घेतले होते! मी बी.कॉम. झालेला माणूस. दुसऱ्याच्या बिलातली चूक शोधणे हेच माझे रोजचे काम. पण घरातल्या डब्यामागची बारीक अक्षरे मी कधी वाचली नव्हती.

चार ग्लासांची परीक्षा

चॉकलेटी दुधाचे आज बाजारात अनेक प्रकार आहेत. अमूल, हर्शीज, कॅव्हिन्स अशा कंपन्यांचे तयार दूध बाटलीत किंवा खोक्यात मिळते. घरच्या दुधात घालायला बोर्नव्हिटा, बूस्ट यांसारख्या पावडरी आहेत. मुंबईला कामाला गेलेली आपली मागची पिढी आरेच्या 'एनर्जी' दुधाच्या बाटलीची आजही आठवण काढते.

आम्ही चिखलीहून तीन निरनिराळ्या कंपन्यांचे तयार दूध आणले. चौथे घरी केले. ग्लासांवर फक्त एक ते चार आकडे चिकटवले. कोणते दूध कोणाचे, हे मुलांना सांगितले नाही. दोन ग्लासांच्या मध्ये पाण्याने चूळ भरायची आणि आपले मत कागदावर लिहायचे, एवढेच नियम. त्या कंपन्यांची नावे इथेही देत नाही. कोणाची जाहिरात करायची नाही आणि कोणाची बदनामीही नाही.

एक नंबर पातळ, पण त्याला कोकोचा कडसर वास चांगला. दोन नंबर सर्वांत गोड. तीन नंबर सर्वांत दाट. चार नंबर म्हणजे घरचे. त्याला दुधाची चव होती, पण तळाशी थोडा कोको बसला होता.

निकाल काय लागला? दोन नंबर पहिला आला. अकरापैकी सहा मते त्याला. घरच्या दुधाला एकच मत पडले. ते माझ्या मुलीचे नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

तीन नंबरबद्दल एक मुलगा म्हणाला, "काका, ह्यात साय लई हाय." मग सगळ्यांनी मिळून पाठीमागची अक्षरे वाचली. दूध टोन्ड होते, म्हणजे त्यात स्निग्धांश सुमारे तीन टक्के. दाटपणा सायीचा नव्हताच. कोको दुधात विरघळत नाही, तळाशी बसतो. तो बसू नये म्हणून बऱ्याच कंपन्या समुद्री शेवाळापासून काढलेला कॅराजीनन नावाचा पदार्थ घालतात, त्याने दूध दाट होते. त्याला सरकारची परवानगी आहे, त्यात लबाडी नाही. पण दाट म्हणजे पौष्टिक, हा आपला समज मात्र चुकीचा.

साखरेचे चमचे

कोणत्याही पाकिटावर घटकांची यादी उतरत्या क्रमाने लिहावी लागते. जे जास्त, ते आधी. दुधानंतर लगेच साखर आली, तर काय ते समजावे. पोषणाच्या तक्त्यात साखरेच्या दोन ओळी असतात, एकूण साखर आणि वरून घातलेली साखर. दुधात मुळातच शंभर मिलीलिटरला साडेचार ते पाच ग्रॅम साखर असते. तिची काळजी नको. पाहायची ती वरून घातलेली.

समजा, ती शंभर मिलीलिटरला ८ ग्रॅम आहे आणि बाटली २०० मिलीलिटरची आहे. म्हणजे १६ ग्रॅम. एका चमच्यात ४ ग्रॅम धरले, तर चार चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरची साखर मोठ्या माणसानेही दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे सहा चमच्यांच्या आत ठेवली तर उत्तम. मुलांनी प्रत्येक बाटलीचा असाच हिशेब केला आणि तितकी साखर बशीत काढून ठेवली. दोन नंबरची बशी पाहून सगळे गप्प झाले. एक मुलगी मात्र म्हणाली, "तरी मले दोन नंबरच आवडते." तिचे खरेच आहे. आवड ही आवड असते. ती सणावारी पुरवावी. औषध समजून रोज पुरवू नये.

पावडरींचे प्रकरण तर देशभर गाजले. २०२३ साली बोर्नव्हिटातल्या साखरेवर मोठी चर्चा झाली आणि त्याच वर्षअखेरीस कंपनीने वरची साखर सुमारे चौदा टक्क्यांनी कमी केली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले, की अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरात विकू नयेत. कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही!

घरचा ग्लास

पाव चमचाभर कमी केले तरी चालेल, असे साधे प्रमाण : एक ग्लास दूध, एक चमचा कोको पावडर, दीड चमचा साखर. कोको आधी दोन चमचे कोमट दुधात घोटून घ्यावा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग उरलेले दूध घालून एक उकळी आणावी आणि पातेले ओल्या फडक्यात गुंडाळून गार करावे. आमच्याकडे ग्लासाला दूध बारा रुपयांचे, कोको सुमारे पाच रुपयांचा आणि साखर काही पैशांची लागली. फार स्वस्त आहे असे नाही. पण पैशाचा मोठा वाटा दुधालाच जातो. आणि कोको परवडला नाही, तर नुसते दूधही पुरेसे आहे. वाढत्या अंगाला लागते ते दूध. कोको केवळ चवीपुरता.

आपल्या आजी-आजोबांच्या काळी आपल्या वस्तीतले दूध गावात कोणी विकत घेत नसे. पुढे डेऱ्या आल्या, फॅट मोजण्याची यंत्रे आली. यंत्र दूध कोणाच्या घरचे हे विचारत नाही, आत काय आहे तेवढेच सांगते. आपणही बाटलीवरचे नाव आणि चित्र न पाहता आत काय आहे ते पाहायला शिकले पाहिजे.

आमच्या घरचा रतीब पुन्हा एक लिटर झाला आहे. डब्यात आता हरभऱ्याची डाळ असते.